सोळावे वर्ष आणि कायद्याची रेघ

सोळा हा आपल्याकडे पुरेपणाचा आकडा आहे. चंद्राच्या कला सोळा, पूजेचे उपचार सोळा, संस्कार सोळा आणि १९५७ सालच्या एप्रिलात दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे आणेही सोळाच. आणे गेले, तरी 'सोळा आणे खरे' हा बोल मागे राहिला. तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा झाला म्हणजे तो पुरा झाला, आता बापाने त्याला मित्राच्या नात्याने वागवावे, असे आपल्या पूर्वजांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. परंतु पुरा झाला म्हणजे नेमके काय झाले? काल रात्री जो अजाण होता, तो आज सकाळी जाणता झाला काय? असे कोठेच होत नाही, हे प्रत्येक आईबापास ठाऊक आहे. कोणी चौदाव्या वर्षी घरचा प्रपंच सांभाळतो, तर कोणाला चाळिशीतही स्वतःचा रुमाल सापडत नाही. निसर्गाने माणसाच्या वयात कोठेही रेघ ओढलेली नाही. रेघ ओढतो तो कायदा.

आता प्रश्न असा की, कायदा ही रेघ कोणासाठी ओढतो? नेहमीचे उत्तर असे, की मुलाची समज मोजण्यासाठी. आजच्या व्याख्यानात मला याहून थोडे निराळे सांगावयाचे आहे. वयाची मर्यादा दिसते मुलावर घातलेली, पण तिचा खरा लगाम असतो तो थोरांच्या हातापायांत. मुलाला काय करता येणार नाही, यापेक्षा मुलाच्या बाबतीत थोरांना काय करता येणार नाही, आणि कोणत्या दिवसानंतर त्यांना आपला हात काढून घ्यावा लागेल, हे ती मर्यादा सांगत असते. हा माझा तर्क केवळ पुस्तकी नाही. त्याचा पुरावा आपल्याच इतिहासात, आणि तोही शनिवारवाड्यापासून फार लांब न जाता सापडतो.

शास्त्रातले सोळा

प्रथम शास्त्राकडे पाहू. नारदस्मृतीत वयाचे टप्पे पाडलेले आहेत. आठव्या वर्षापर्यंतचे मूल गर्भातल्यासारखेच समजावे, त्यानंतर सोळाव्यापर्यंत त्यास बाल म्हणावे, आणि पुढे आईबाप हयात नसतील तर त्याने आपला व्यवहार आपण पाहावा, असा तेथील विवेचनाचा मथितार्थ आहे. प्रायश्चित्ताच्या बाबतीत तर धर्मशास्त्राने मोठा मार्मिक हिशेब केला. सोळाच्या आतला मुलगा आणि ऐंशीच्या पुढचा म्हातारा यांना प्रायश्चित्त निम्मे. पाप तेच, पण खांदा कोवळा किंवा थकलेला, म्हणून ओझे अर्धे.

मनुस्मृतीतील एक व्यवस्था आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. पोरक्या मुलाला वारशाने आलेले धन राजाने सांभाळावे. ते कोठवर, तर मुलगा गुरुगृहाहून परत येईपर्यंत किंवा त्याचे बालपण सरेपर्यंत. हा नियम मुलाला काहीच करावयास सांगत नाही. तो राजाला सांगतो की, अमुक दिवसापर्यंत सांभाळ आणि त्या दिवशी परत कर. सांभाळणे हे जसे कर्तव्य, तसेच सोडून देणे हेही कर्तव्यच.

पुढे पंडितांत मतभेद झाला तो सोळा 'लागणे' आणि सोळा 'पुरी होणे' यांवरून. बंगालकडच्या परंपरेने पंधरा पुरी होऊन सोळावे लागले की मुलास सज्ञान मानले. इतर प्रांतांत, आपल्याकडेही, सोळा पुरी व्हावी लागत. कोणास हा शब्दच्छल वाटेल. पण वारसाच्या बाबतीत एक वर्ष थोडे नसते. एका वर्षात चुलत्याच्या सहीने शेत विकले जाते, वाडा गहाण पडतो. रेघ एक वर्ष पुढे सरकली, म्हणजे पालकाच्या हाती किल्ल्या एक वर्ष अधिक राहिल्या.

शास्त्र असे स्पष्ट होते. परंतु किल्ल्या ज्याच्या हाती, त्यानेच रेघ पाळावयाची असेल तर काय होते?

शनिवारवाड्यातील दोन माधवराव

पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब पेशवे २३ जूनला पर्वतीवर वारले, आणि २० जुलै रोजी त्यांचे चिरंजीव माधवराव यांना साताऱ्यास पेशवाईची वस्त्रे मिळाली. माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ चा. म्हणजे सोळा पुरी होऊन त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. शास्त्राच्या हिशेबाने ते सज्ञान होते. पण चुलते रघुनाथराव यांचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांच्या आत-बाहेर, पाठीशी अटकेपर्यंतच्या मोहिमेचा लौकिक, आणि कारभार सखारामबापू बोकील यांच्यासारख्या मुरब्बी मुत्सद्द्याच्या सल्ल्याने चाललेला. पुतण्याने वस्त्रे ल्यावीत आणि कारभार आपण करावा, ही त्यांची अपेक्षा. पुतण्या मात्र पहिल्या दिवसापासून कागद वाचू लागला आणि हिशेब विचारू लागला.

१७६२ च्या आरंभी निजामाशी झालेल्या तहात रघुनाथरावांनी फार सढळपणे मुलूख सोडला, हे माधवरावांना रुचले नाही. त्याच वर्षी चुलतापुतण्यांचा बेबनाव उघड झाला. दादासाहेब पुण्याबाहेर पडले, त्यांनी फौज जमविली, निजामाची मदत घेतली. नोव्हेंबरात घोडनदीवर आणि मग १२ तारखेस आळेगाव येथे मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींशी भिडल्या. राज्य दुभंगू नये म्हणून माधवराव स्वतः होऊन चुलत्यांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. सतरा वर्षांच्या मुलाने दाखविलेला हा शहाणपणा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पालकाला दाखविता आला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

पुढचे काही महिने कारभार रघुनाथरावांचा होता. त्यांनी पटवर्धनांच्या मिरजेवर चाल केली, दुखावलेले सरदार निजामाला मिळाले, आणि १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे जाळले. अखेर १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला आणि मराठ्यांचा जय झाला. त्या विजयानंतर कारभाराची सूत्रे खऱ्या अर्थाने माधवरावांच्या हाती आली. तेव्हा त्यांचे वय साडेअठरा. आजच्या कायद्याने सज्ञान होण्याचे जे वय, त्याच सुमारास त्यांना आपला अधिकार मिळाला हा योगायोग खरा. पण तो मिळाला रणांगणावर. जे काम दिनदर्शिकेने व्हावयाचे, ते तलवारीने झाले. मधल्या दोन वर्षांची किंमत मुलूख, माणसे आणि जळालेले शहर या रूपाने रयतेने भरली.

दुसऱ्या माधवरावांची कथा याच्या उलट आहे. नारायणरावांच्या खुनानंतर १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावांना अवघ्या चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रे मिळाली. बारभाईंनी आणि त्यांच्यात अखेर एकट्या उरलेल्या नाना फडणिसांनी त्या बालकाच्या नावाने राज्य राखले. ही कामगिरी लहान नव्हती. रघुनाथरावांसारखा पालक आणि नानांसारखा पालक यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. नानांनी मुलाचे राज्य हिरावले नाही, उलट वाढविले. परंतु त्यांच्याकडूनही एक गोष्ट झाली नाही. मुलाचे सोळावे वर्ष आले आणि गेले, अठरावे गेले, विसावे गेले. १७९५ च्या मार्चात खर्ड्याची लढाई झाली तेव्हा पेशवे छावणीत होते. पण सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे आणि मसलत नानांची. त्याच वर्षी ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कोसळून एकविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. तो अपघात की आत्मघात, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. एवढे मात्र खरे की, जन्मभर पेशवा असलेल्या त्या तरुणाला पेशवेपण करण्याची पाळी कधी आलीच नाही.

एका माधवरावाचा पालक वाईट होता आणि दुसऱ्याचा चांगला. दोघांच्याही बाबतीत अडचण एकच झाली. पालकत्व कोणत्या दिवशी संपते, हे ठरविण्याचा अधिकार पालकाच्याच हाती होता. चांगल्या पालकालाही 'अजून मूल कच्चे आहे' असे वाटतच राहते. किंबहुना चांगल्यालाच ते अधिक वाटते. रेघ पाहिजे ती एवढ्यासाठी. दुर्जनापासून मुलाला वाचविण्यासाठी ती हवी, तशी सज्जनाच्या मायेतून त्याला मोकळे करण्यासाठीही हवी.

१८७५ चा कायदा

ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पडला, त्याच साली हिंदुस्थान सरकारने सज्ञानतेचा कायदा केला. अठरा वर्षे पुरी झाली की माणूस सज्ञान. कोर्टाने पालक नेमलेला असेल किंवा मिळकत कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे असेल तर एकवीस. हा एकविसाचा अपवाद पुढे १९९९ साली निघाला आणि सर्वांना अठरा हेच वय लागू झाले.

त्याच १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक म्हणून आलेले सयाजीराव गायकवाड या नव्या व्यवस्थेचे चांगले उदाहरण आहेत. ते लहान असताना दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्य चालविले. आणि डिसेंबर १८८१ मध्ये, महाराजांना अठरा पुरी झालेली असताना, पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. त्यासाठी कोणाला आळेगाव लढावे लागले नाही.

परंतु या कायद्याने एक दालन मुद्दाम बंद ठेवले. लग्न, काडीमोड, दत्तक अशा बाबींना त्याने हात लावला नाही. तेथे ज्याचा त्याचा धर्म आणि रिवाज. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाने सावकाराला लिहून दिलेला कागद रद्द. पण अकरा वर्षांच्या मुलीच्या वतीने तिच्या वडीलधाऱ्यांनी बांधलेली गाठ मात्र जन्माची. हे दालन किती अंधारे होते, ते दहाच वर्षांत जगापुढे आले.

रखमाबाई आणि १८९१

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच राहिल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकल्या. १८८४ साली दादाजींनी त्यांना नांदावयास पाठवावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. रखमाबाई तेव्हा विशीच्या घरात होत्या. कोणताही करार करण्यास कायद्याने समर्थ होत्या. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. अजाणपणी लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध त्या पुरुषाच्या घरी लोटणे त्यांना निर्दयपणाचे वाटले. अपिलात हा निकाल फिरला, आणि १८८७ च्या मार्चात हुकूम झाला की नांदावयास जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि १९५५ साली त्या वारल्या.

त्यांनी कोर्टापुढे उभा केलेला प्रश्न साधा होता. अकराव्या वर्षी माझ्या वतीने दुसऱ्यांनी दिलेला शब्द माझ्यावर बंधनकारक कसा? १८७५ च्या कायद्याने पैशाच्या बाबतीत मान्य केलेले तत्त्व त्या आपल्या देहाच्या बाबतीत मागत होत्या.

देहाच्या बाबतीत कायद्याची रेघ होती ती १८६० च्या दंडसंहितेत, आणि ती होती दहा वर्षांची. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमाने मृत्यू पावली. पती पस्तिशीच्या आसपासचा. मुलगी दहाच्या पुढची, म्हणून बलात्काराचे कलम लागेना. दुसऱ्या, हलक्या कलमाखाली त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बेहरामजी मलबारी १८८४ पासून या प्रश्नावर लिहीत होतेच. आता सरकार हलले. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी दहाचे बारा करणारे बिल मांडले आणि १९ मार्चला ते मंजूर झाले.

मधल्या दहा आठवड्यांत पुण्यात जे रण माजले, त्याच्या आठवणी आपल्या वाङ्मयात पुष्कळ आहेत. डॉ. भांडारकरांनी ग्रंथाधारे दाखविले की, गर्भाधान लांबविल्याने शास्त्राचा भंग होत नाही. टिळकांनी 'केसरी'तून त्यांचे खंडन केले. आगरकरांचा 'सुधारक' बिलाच्या बाजूने तुटून पडला. क्रीडाभुवनातील सुधारकांची सभा जमावाने उधळली.

टिळकांविषयी येथे न्यायाने बोलले पाहिजे. बालविवाह चांगला, असे त्यांचे म्हणणे नव्हते. १८९० साली त्यांनी सुधारकांपुढे उलट सूचना ठेवली होती की, तुम्ही आधी स्वतःला बांधून घ्या: मुलींची लग्ने सोळाच्या आत करू नयेत, मुलांची विसाच्या आत करू नयेत, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, करावयाचेच तर विधवेशी करावे. सरकारचे बारा आणि टिळकांचे सोळा! आकड्याने पाहिले तर टिळक पुढे होते. वाद होता तो रेघ कोणी ओढावी याचा. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, समाजाने आपण होऊन सुधारावे, हा त्यांचा पक्ष.

या पक्षात स्वाभिमानाचे तेज होते. पण एक उणीव राहत होती. स्वखुशीची प्रतिज्ञा ज्याने सही केली त्यालाच बांधते. मुलगी मात्र सही न करणाऱ्याच्या घरातही असते. तिला त्या घरात गाठू शकेल अशी वस्तू कायद्यावाचून दुसरी नाही.

उलट, नुसता कायदा लोकमतावाचून किती लुळा पडतो, याचाही अनुभव लवकरच आला. १८९१ च्या कायद्याखाली फार थोडे खटले झाले. पतीविरुद्ध फिर्याद द्यावयाची कोणी, आणि मुलीचे वय सिद्ध करावयाचे कशावरून? १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने मुलीस चौदा आणि मुलास अठरा ही लग्नाची मर्यादा ठरली. कायदा अमलात यावयाचा होता १ एप्रिल १९३० पासून. तेव्हा त्यापूर्वीच बार उडवून टाकावेत म्हणून देशभर लग्नांची घाई उडाली. रेघेपासून मुलीला वाचविण्यासाठी नव्हे, तर रेघेपासून स्वतःला वाचविण्यासाठी थोर मंडळी धावत होती. मर्यादा कोणाला जाचते, याचा याहून उघड पुरावा तो कोणता?

टिळकांचे सोळा कायद्याला गाठावयास फार काळ लागला. मुलीच्या लग्नाचे वय १९४९ साली पंधरा झाले आणि १९७८ साली एकदम अठरा. संमतिवय विवाहाबाहेर १९४९ साली सोळा झाले, आणि २०१२-१३ च्या कायद्यांनी अठरा. विवाहितेच्या बाबतीत ही मर्यादा पंधरावरून अठरावर नेण्यास २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल व्हावा लागला.

वय सिद्ध करणारा कागद

रेघ ओढण्यासाठी वय माहीत पाहिजे, आणि आपल्याकडे वयाची नोंद होती कोठे? श्रीमंताघरी पत्रिका, गरिबाघरी 'पुराच्या साली', 'प्लेगच्या साली' अशी आठवण. जन्मनोंदणीचा १८८६ चा कायदा खुशीचा मामला होता. सक्तीचा देशभर कायदा १९६९ चा. मधल्या पिढ्यांत शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिना पाहून १ जून ही तारीख लिहून टाकली, आणि महाराष्ट्रात हजारो लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येऊ लागला. आपण यावर हसतो. पण ज्याचा जन्म कागदावर नाही, त्याला वयाच्या कायद्याचे संरक्षण मागताच येत नाही. मोठ्यांना सोयीचे असेल तेव्हा तो बारा वर्षांचा, आणि सोयीचे असेल तेव्हा अठराचा. दाखल्याचा तो चिटोरा म्हणजे रेघ ओढण्याची दोरी आहे.

आजचे सोळा

आज सोळा पुरी झालेल्या मुलामुलींची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. मत देण्यास अठरा हवीत; पूर्वी एकवीस लागत, ती अट १९८९ साली खाली आली. करार करण्यास अठरा. गिअर नसलेली, ५० घन सेंटिमीटरच्या आतली दुचाकी चालविण्याचा परवाना मात्र सोळाव्या वर्षी मिळू शकतो. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने असे ठरविले की, सोळा ते अठराच्या मुलाने अतिनिर्घृण स्वरूपाचा गुन्हा केला, तर प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविता येईल.

या सगळ्या रेघा एका ओळीत का नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. त्यांनी एका ओळीत असण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक रेघ निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मात्र प्रत्येकीला एक कसोटी लावता येईल: ही रेघ कोणाला आवरते? २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. ही रेघ योग्य माणसाच्या दारात ओढलेली आहे. किल्ली दिली ती बापाने.

बालन्यायाच्या सोळाला हीच कसोटी लावली, तर मन साशंक होते. तेथे रेघ खाली आली, ती थोरांना आवरण्यासाठी नव्हे, तर संतापलेल्या थोरांचे समाधान व्हावे म्हणून. ज्याला आम्ही मत देऊ देत नाही, करार करू देत नाही, त्याला दंड मात्र पुरा देऊ पाहतो. निम्म्या प्रायश्चित्ताचा नियम करणाऱ्या जुन्या शास्त्रकारांनी हे पाहिले असते, तर ते क्षणभर थबकले असते.

संमतिवयाचा प्रश्न याहून अवघड आहे. अठराची रेघ थोर पुरुषाला आवरण्यासाठी घातली, आणि ती तेथे आवश्यकच आहे. परंतु सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आपखुशीने एकत्र आले, आणि मुलीच्या घरच्यांनी फिर्याद दिली, की तीच रेघ त्या पोरांच्या अंगावर येते. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात हे वय सोळावर आणू नये असे सांगितले. पण सोळा ते अठरामधील अशा प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्याने शिक्षा ठरविण्याची मोकळीक असावी, असेही सुचविले. रेघ जागेवर ठेवावी आणि तिच्याजवळ एक विचार करणारा माणूस बसवावा, हा या शिफारशीचा आशय मला पटतो. ज्या कायद्याचा लगाम थोरांसाठी केला, तो पोरांना काचू लागला, तर लगाम तोडू नये. त्याची गाठ नीट बसवावी.

श्रोतेहो, येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी सोळा-सतराचे कोणीतरी असेल. ते कधी शहाणे होईल, हे कायदा सांगू शकत नाही आणि आपणही सांगू शकत नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच, की सांभाळण्याच्या दिवसांत नीट सांभाळावे आणि सोडण्याच्या दिवशी सोडावे. पहिली गोष्ट आपण बहुतेक करतो. दुसरी नाना फडणिसांसारख्या कर्त्या पुरुषालाही साधली नाही, तेव्हा ती सोपी नव्हे. म्हणून ती केवळ आपल्या मर्जीवर न ठेवता कायद्याने तिची तारीख ठरविली आहे. त्या तारखेकडे मुलाच्या वाढदिवसाइतकेच आपल्या पालकत्वाच्या हिशेबाचा दिवस म्हणून पाहावे, आणि त्या दिवशी किल्ल्या मोजून त्याच्या हाती द्याव्यात.